फिश पाय आणि घरच्या बाईचे ताट

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘पाहुण्यांसाठी फिश पाय’ अशी पाककृती आली (दुधाच्या दाट सॉसमध्ये मासे, वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर, आणि ओव्हनमध्ये भाजलेला असा हा इंग्रजी पदार्थ) आणि पुढच्याच आठवड्यात तिच्यावर दोन पत्रे छापून आली. एका वाचकांचे म्हणणे, चरकसंहितेच्या, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाच्या, दाखल्याने दूध आणि मासे एकत्र म्हणजे विष, हे छापायलाच नको होते. दुसऱ्या ताईंनी विचारले, की हॅडॉक, कॉड हे विलायती मासे, डबल क्रीम (घट्ट साय) आणि पार्मेझान चीज सोलापुरात कोणत्या दुकानात मिळते ते तरी सांगा. ताईंचा प्रश्न मला पूर्ण पटला. विषाबद्दल मी पुढे लिहिणार आहे. पण या पदार्थाची जी खरी गोष्ट आहे ती पाककृतीतही आली नाही आणि पत्रांतही नाही. फिश पाय केला की घरच्या बाईला पाहुण्यांबरोबर ताटावर बसता येते. एवढ्यासाठीच तो सोलापूरच्या घरांत यावा असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे मासळीचे जेवण कसे होते ते कुणाला सांगायला नको. कालवण आधी होऊन जाते, त्याची काळजी नसते. पण तळलेली तुकडी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे आणि ज्वारीची भाकरी टम्म फुगलेली, हाताला चटका बसेल अशी हवी. म्हणजे पाहुणे बसले की एका शेगडीवर माशांचा तवा, दुसरीवर भाकरीचा. एका हाताने भाकरी थापायची, दुसऱ्याने तुकडी उलटायची. एप्रिलमध्ये पारा बेचाळीसपर्यंत चढतो, पंखा लावला तर गॅस विझतो. बाहेरच्या खोलीत सगळे हसतात, कशावर हसले ते आत कळत नाही. शेवटच्या माणसाने हात धुतले की मग ती बसते आणि तेव्हा पातेल्यात माशाचे डोके आणि शेपटी उरलेली असते. माझ्या सासूबाई जन्मभर अशाच जेवल्या. मीही बरीच वर्षे तशीच जेवले.

माझे यजमान रेल्वेत होते. दौंडला क्वार्टर्समध्ये राहत असताना शेजारी एक अँग्लो-इंडियन कुटुंब होते. त्या घरच्या आंटी गुड फ्रायडेला फिश पाय करायच्या. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत आणि शुक्रवारी त्यांच्यात मटण-कोंबडी वर्ज्य, मासे मात्र चालतात. इंग्लंडात हा पदार्थ रुजला त्यामागे हाही एक रिवाज आहे. तिथे पूर्वी माशांवर पिठाचे जाड कवच असायचे. बटाटा युरोपात पोचला तोच मुळी सोळाव्या शतकात, दक्षिण अमेरिकेतून, तेव्हा वर बटाट्याचा थर देणे ही नंतरची रीत. आंटी सकाळी सगळे रचून भांडे फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि चर्चला जायच्या. तीन तासांची प्रार्थना आटोपून आल्या की भांडे ओव्हनमध्ये, आणि त्या स्वतः इस्त्रीचा फ्रॉक घालून टेबलाशी पाहुण्यांत बसलेल्या. घरातली बाई पंगतीला बसून स्वतःच्या हातचे गरम असताना जेवते, हे मी पहिल्यांदा त्यांच्या घरी पाहिले.

आता मासळी. आपल्या पाककृतीत जणू प्रत्येक वाचक समुद्रकाठी राहतो असे धरून लिहिले होते. सोलापुरात समुद्राची मासळी येते ती बर्फात, ट्रकने, घाट चढून. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा तर जे येते ते साठवणीतलेच. पण आपल्या जिल्ह्यात भीमेवर उजनी आहे. 1980 साली पुरे झालेले, 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याचे धरण. त्या पाण्यावर भिगवणपासून खाली किती कुटुंबे जाळी टाकून जगतात! कटला, रोहू, मृगळ, वाम, शिंगाडा, मरळ आणि ढिगाने चिलापी (तिलापिया). हे सगळे सोडून हॅडॉक कशाला शोधायचा?

यातला कोणता मासा घ्यायचा हे मात्र नीट समजून घ्यायला हवे, कारण पायमध्ये काटा चालत नाही. पाहुणा चमच्याने खाणार, तोंडात मऊ बटाटा आणि दाट सॉस असणार, तो बेसावध असतो. कालवणात आपण काटा शोधत खातो, इथे कुणी शोधत नाही. कटला-रोहू चवीला गोड, पण त्यांच्या मांसात दोन फाटे फुटलेले बारीक काटे सुटे पसरलेले असतात. ते कण्याला जोडलेले नसतात, म्हणून काप काढला तरी मांसातच राहतात. चिलापीला हे सुटे काटे नसतात. कण्यावरून दोन्ही बाजूंचे काप उतरवले आणि मधली काट्यांची एक रांग चिमट्याने ओढली की मांस साफ. मरळही तसाच, फार थोड्या काट्यांचा आणि मांसाला घट्ट. तो हवेतून श्वास घेतो, म्हणून बाजारात टबात जिवंत मिळतो, यापेक्षा ताजा मासा कुठला? फक्त मरळ महाग, चिलापी सगळ्यांत स्वस्त. मी दोन्ही मिसळते. ज्यांना जमेल त्यांनी नुसता मरळ घ्यावा.

आठ माणसांसाठी दोन किलो चिलापी घेतली तर निव्वळ मांस साधारण साडेसहाशे ग्रॅम पडते. मासेवाल्या मावशींना आधी सांगायचे, तुकड्या करू नका, दोन्ही बाजूंचे काप काढून द्या आणि डोके-कणा वेगळ्या पिशवीत. त्याचे दुसऱ्या दिवशी कालवण होते. सोबत सोललेली कोळंबी तीनशे ग्रॅम. कोळंबी मी गोठवलेलीच घेते आणि घरी येऊन फ्रिजमध्ये खालच्या खणात रात्रभर सुटू देते. ताजी म्हणून टोपलीत मांडलेली कोळंबी बर्फ सुटलेली, पुन्हा बर्फ घातलेली असते, आपल्या उन्हात तिचा भरवसा धरवत नाही. पाठीतला काळा धागा काढायचाच.

गोड्या पाण्यातल्या माशाला मातकट वास येतो अशी तक्रार असते, आणि ती खरी आहे. पाण्यातल्या शेवाळातून आणि सूक्ष्म जिवांतून जिओस्मिन नावाचे द्रव्य माशात उतरते, पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो तो वासही त्याचाच. आंबटाने हा वास दबतो, म्हणून आपण माशाला लिंबू किंवा चिंच लावतो. पायमध्ये मात्र मासा दुधात शिजणार, लिंबू राहिले तर दूध फाटले. म्हणून काप आधी पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून त्यात दहा मिनिटे ठेवायचे, मग मीठ आणि बेसन चोळून दोन पाण्यांत स्वच्छ धुवायचे आणि सुती फडक्याने अगदी कोरडे टिपायचे. कातडी काढायची, आणि कापाच्या मधोमध जी लालसर-तपकिरी पट्टी असते ती सुरीने कापून टाकायची. वास सगळ्यात जास्त कातडीत आणि त्या पट्टीतच असतो. हळद लावायची नाही. सवयीने हात हळदीच्या डब्याकडे जातो, पण सॉस पिवळा होतो.

करायची पद्धत अशी. पाऊण लिटर म्हशीचे दूध, त्यात अर्धा कांदा, एक तमालपत्र, दोन लवंगा, आठ-दहा मिरे. दूध तापून कडेला बारीक बुडबुडे यायला लागले की माशाचे काप सोडायचे आणि गॅस मंद. उकळी फुटू द्यायची नाही. पाच-सहा मिनिटांत मांस पांढरे होऊन पाकळ्या सुटू लागतात, लगेच झाऱ्याने काढून घ्यायचे. दूध गाळून ठेवायचे. हेच दूध सॉसला वापरायचे, माशाचा सगळा अर्क त्यात उतरलेला असतो. आपल्या पाककृतीत मासे पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यायला सांगितले होते, ते वाचून मला फार वाईट वाटले. पदार्थाचा जीवच मोरीत गेला. डबल क्रीमची मग गरज पडते ती त्यामुळेच. म्हशीचे दूध आणि गाळलेला अर्क असला तर क्रीमचा थेंबही लागत नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात साठ ग्रॅम लोणी वितळले की साठ ग्रॅम मैदा घालून मंद आचेवर दोन मिनिटे परतायचा. कच्चा वास जायला हवा, रंग बदलायला नको. मग ते दूध पळीपळीने. पहिल्या दोन पळ्यांना गोळा होतो, घाबरायचे नाही, घोटत राहायचे. सगळे दूध गेले की एक उकळी येऊ द्यायची, कारण मैदा उकळीजवळ पोचल्याशिवाय पुरता दाटत नाही. भज्यांच्या पिठाहून थोडा सैल झाला की उतरवायचा. यात मीठ, ताजी मिरपूड, मोहरीची पूड अर्धा चमचा आणि दोन हिरव्या मिरच्या अगदी बारीक चिरून. इंग्लंडात मिरची घालत नाहीत, आंटीही घालत नव्हत्या. पण सोलापूरच्या जिभेला मिरचीशिवाय हा सॉस पांचट लागतो आणि पाहुणा भिडेखातर बोलत नाही. वर मूठभर चिरलेली कोथिंबीर. मग माशाच्या पाकळ्या, उकडलेले मटार आणि चार उकडलेल्या अंड्यांच्या फोडी हलक्या हाताने मिसळायच्या. कोळंबी कच्चीच घालायची. ती ओव्हनमध्ये शिजते. आधी शिजवून घातली तर दोनदा शिजून रबरासारखी होते.

इंग्रजी पायमध्ये धुरी दिलेला हॅडॉक असतो, त्या धुराची एक खास चव असते. ती आपल्याला अवघड नाही. पेटता कोळसा वाटीत ठेवून त्यावर चमचाभर लोणी सोडायचे, वाटी माशाच्या पातेल्यात ठेवून पाच मिनिटे घट्ट झाकण. वांग्याच्या भरताला किंवा डाळीला धुरी देतो तशीच.

बटाटा जुना घ्यावा, सव्वा किलो. नवा बटाटा पिठूळ नसतो, चिकट होतो. उकडून, सोलून, गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावा किंवा हाताने कुस्करावा. मिक्सरला लावू नये, पात्याने त्यातला स्टार्च सुटतो आणि खळ होते. लोणी, थोडे गरम दूध, मीठ. सॉस भांड्यात ओतून पूर्ण गार होऊ द्यायचा, मगच वर बटाटा. गरम सॉसवर घातला की बटाटा खाली बुडतो आणि सगळे एक होऊन जाते. वरून काट्या-चमच्याने रेघा ओढायच्या, त्या उंचवट्यांना ओव्हनमध्ये रंग चढतो. पार्मेझान नको, आपले साधे चीज किसून घालावे, मूठभर पुरे. काही जणी वर बटाट्याऐवजी बेकरीतून कच्च्या खारीची पोळी आणून घालतात. मला ते आवडत नाही. खालच्या वाफेने खारी आतून गिच्च राहते आणि तिच्यातले वनस्पती तूप पदार्थ जरा निवला की टाळूला चिकटते.

ओव्हन 200 अंशांवर, फ्रिजमधून काढलेल्या भांड्याला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे. कडेने सॉस फुटून वर आला पाहिजे आणि मधोमध सुरी खुपसून काढली तर तिचे टोक चटका देईल इतके गरम हवे. ओव्हन नसेल तर जाड कढईत स्टँड ठेवून, झाकण लावून मध्यम आचेवर होतो, मात्र वर रंग येत नाही. अशा वेळी बेकरीतले टोस्ट चुरून लोण्यात खरपूस परतायचे आणि वाढताना वर पसरायचे. आपल्याकडे दिवाळीत नानकटाईचे पत्रे बेकरीत भाजून आणतात, त्यावरून कुणाला हे भांडेही बेकरीत न्यावेसे वाटेल. नेऊ नये. त्या भट्टीत शाकाहारी घरांचा माल भाजला जातो.

उन्हाळ्याबद्दल मला जरा कडक लिहायचे आहे, कारण पाककृतीत याचा शब्दही नव्हता. दूध, अंडी, मासे आणि कोळंबी हे चारही लवकर बिघडणारे पदार्थ. रचलेले भांडे ओट्यावर ठेवून चालत नाही. शिजलेले अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये असे सांगतात, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. सोलापुरात मार्च ते जून एकच तास समजावे. सॉस लवकर गार करायचा तर पसरट परातीत ओतून परात थंड पाण्यात ठेवावी, मग फ्रिज. उरलेला पाय त्याच रात्री फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून एकदाच. सुरमई-बांगडा वापरणाऱ्यांनी आणखी जपावे. हे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचे बाधणारे द्रव्य तयार होते. ते शिजवून, तळूनही नाहीसे होत नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होते, डोके दुखते, अंगावर गांधी उठतात. लोक त्याला ‘मासे बाधले’ म्हणतात आणि दोष स्वयंपाक करणारीला लागतो, वास्तविक बऱ्याचदा मासा बाजारातच बिघडलेला असतो.

आता दूध आणि मासे. चरकसंहितेत दूध-मासे विरुद्धाहार, म्हणजे एकत्र खाऊ नये असा आहार, सांगितला आहे, हे पत्रलेखक म्हणतात ते बरोबर आहे. ज्यांची त्यावर श्रद्धा आहे त्यांच्या ताटात मी हा पाय वाढत नाही, आग्रह तर मुळीच करत नाही. पण विष हा शब्द मला मान्य नाही. इंग्लंडातच नव्हे, सगळ्या उत्तर युरोपात मासे दुधात शिजवून पिढ्यान्‌पिढ्या खातात. आपल्याकडे या समजुतीला कोडाची भीती चिकटलेली आहे. कोड होते ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने. शरीराची प्रतिकारशक्तीच त्या पेशींवर उलटते असे वैद्यकशास्त्र सांगते. दूध-मासे खाल्ल्याने कोड होते असे सिद्ध झालेले नाही. हे मी ठासून लिहिते, कारण माझ्या ओळखीत एका मुलीच्या अंगावर कोड उठले तेव्हा तिच्या आईला भर हळदी-कुंकवात ऐकवले गेले, ‘पोटुशी असताना काय मासे खाऊन दूध प्यायली होतीस का?’ ती बाई वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. एका समजुतीपायी कुणाच्या आईवर असा आरोप होत असेल तर तुमच्यासारख्या वृत्तपत्राने डॉक्टरांकडून लिहून घेऊन ते छापले पाहिजे.

ज्यांना तरीही दूध नको त्यांच्यासाठी नारळ आहे. एका मोठ्या नारळाचे पातळ दूध मासे शिजवायला आणि घट्ट दूध शेवटी सॉसमध्ये. घट्ट दूध घातल्यावर उकळू नये, फुटते. लोण्याऐवजी तेल, मैद्याऐवजी तांदळाचे पीठ. बटाट्यातही दुधाऐवजी नारळाचे पातळ दूध घालावे आणि वरचे चीज वगळावे. कोकणात मासे नारळाच्या दुधातच शिजतात, तेव्हा चवीला तो कुठेच कमी पडत नाही. खरे सांगायचे तर कोळंबी जास्त असेल तेव्हा मला नारळाचा जास्त आवडतो.

पाहुण्यांना आधी विचारणे मात्र हवेच. श्रावण, एकादशी, सोमवार, गुरुवार हे आपल्याकडे विचारावेच लागते. पण कोळंबी चालते का हेही विचारावे. काहींना तिची ॲलर्जी असते, ओठ सुजतात, श्वास कोंडतो, आणि सॉसमध्ये ती वरून दिसत नाही. आमच्या जाऊबाई पंढरपूरच्या, माळकरी. त्या आल्या की मी बटाटा कुस्करल्यावर त्यांचा वाटा मासळीला हात लावायच्या आधी बाजूला काढते. वेगळ्या भांड्यात मटार, मका आणि पनीर घालून तोच सॉस साध्या दुधात करते. त्यांचे भांडे ओव्हनमध्ये आधी, एकटे. चमचा-डाव वेगळे. जाऊबाईंनी कधी तसे मागितले नाही, पण वेगळे भांडे पाहून त्या निर्धास्त जेवतात.

मुलाच्या सासरचे लोक रत्नागिरीचे. पहिल्यांदा जेवायला यायचे होते तेव्हा घरात चर्चा झाली, की कोकणच्या माणसांना सोलापूरच्या बाईने काय मासे खाऊ घालायचे! यजमान म्हणाले, सरळ मटण कर. मी फिश पाय केला, उजनीच्या चिलापीचा आणि मरळचा. सकाळी रचून ठेवला. संध्याकाळी ते आले तेव्हा भांडे ओव्हनमध्ये होते, ओटा पुसलेला होता, आणि मी साडी बदलून बाहेर विहीणबाईंशेजारी बसले होते. त्यांच्या लेकीला सासरी कसे वाटते, ती आईशी फोनवर काय बोलते, हे विहीणबाई माझ्याशी त्या तासाभरात बोलल्या. मी तव्यापुढे असते तर हे बोलणे झाले नसते. जेवताना व्याह्यांनी पहिला घास घेऊन विचारले, ‘हा कुठला मासा?’ उजनीचा म्हटल्यावर त्यांना पटेना. विहीणबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी भांड्याच्या कडेला लागलेली, करपायच्या बेतात आलेली खरपूस साय चमच्याने खरवडून घेतली आणि माझ्या ताटात अर्धी घातली. सोबत मी फक्त कांदा-टोमॅटोची कोशिंबीर, लिंबाच्या फोडी आणि पाव ठेवले होते. शेंगाची चटणी मुद्दाम नव्हती. ती मला जिवापाड प्रिय आहे, पण तिच्यापुढे माशाची नाजूक चव टिकत नाही.

संपादक महाशय, आपणास माझी विनंती आहे. पाककृती जरूर छापा, परदेशीही छापा, वाचायला फार आवडतात. पण छापताना सोलापूर, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या बाईसमोर त्या दिवशी बाजारात काय मांडलेले असते ते पाहून छापा. हॅडॉकच्या शेजारी कंसात चिलापी आणि मरळ लिहायला दोन शब्दांची जागा लागते. काट्यांबद्दल एक ओळ, उन्हाळ्याबद्दल एक ओळ आणि पदार्थ आदल्या वेळी करून ठेवता येतो का याची एक ओळ हवी. शेवटची ओळ तर प्रत्येक पाककृतीत हवी, कारण पाहुण्यांसाठी स्वयंपाक करणाऱ्या बाईला तिचीच सर्वांत जास्त गरज असते.

दुसरे असे, की आपले बातमीदार मासळीबाजाराकडे एकदा सकाळी सहाला आणि एकदा दुपारी बाराला जावेत. मी जिथून मासे घेते तिथे मावशी जमिनीवर बसून काप काढतात. नळ लांब आहे, बर्फ त्यांना स्वतःच्या पदरचे पैसे घालून आणावा लागतो आणि दुपारपर्यंत तो वितळून जातो. धुवायला उंच ओटा, वाहते पाणी, सावली आणि रास्त दरात बर्फ एवढे मिळाले तर त्यांची मासळी दुपारीही चांगली राहील आणि गिऱ्हाईकही वाढेल. काप काढून देण्याचे त्या वेगळे पैसे मागतात तेव्हा घासाघीस होते. ती करू नये असे मी वाचकांना सांगेन. चिलापीचा काप कण्यावरून मांस न सांडता उतरवणे हे कसबाचे काम आहे. माझ्या मावशींची सुरी कण्याला घासत एका ओढीत शेपटीपर्यंत जाते, ते बघत राहावे असे असते. बातमी लिहाल तेव्हा त्यांचा फोटो काम करताना काढा, आणि छापण्याआधी त्यांना विचारा.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक, जुळे सोलापूर